वडिलांच्या अंगावरचं पुरळ तीन वर्षं जात नाही, सल्ला हवा आहे

शेतातलीलेक, ९ जुलै

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलं तर समजून घ्या.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, वय ६३. पुरंदर तालुक्यात शेती आहे. अंजीर, थोडं सीताफळ आणि वीस गुंठे शेवंती. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्यांच्या मानेला आणि पापण्यांना खाज सुटली, बारीक पुरळ उठलं. घामाने आलं असेल, जाईल, असं वाटलं. दिवाळीपर्यंत गेलंही. पुढच्या पावसाळ्यात परत आलं, या वेळी कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्याच्या लवणीतही. ते संक्रांतीला ओसरलं. यंदा उन्हाळाभर तसंच राहिलं आणि पाऊस सुरू झाल्यापासून तर बघवत नाही. बैलाच्या खांद्यावर जू घासून कातडी होते ना, तशी मान झालीय. जाड, काळपट, भेगा पडलेली. खाजवून खाजवून लस येते. रात्री उशाशी प्लास्टिकची फणी घेऊन झोपतात, कारण नखांनी रक्त निघतं म्हणून आई ओरडते.

उपचार म्हणाल तर काय नाही केलं. गावातल्या डॉक्टरांची सुई घेतली की दुसऱ्या दिवशी अंग मोकळं, आठव्या-दहाव्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखं. वर्षभरात किती सुया झाल्या त्याचा हिशेबच नाही. मागच्या रविवारी गेले तेव्हा बिस्किटाच्या डब्यातली मलमं मोजली, अकरा ट्यूबा निघाल्या. निम्म्या मेडिकलवाल्याने स्वतःच दिलेल्या. एका ठिकाणी रक्ताची महागडी ॲलर्जी तपासणी केली. भलामोठा कागद आला आणि त्या दिवसापासून वांगं, शेंगदाणे, दही, हरभरा सगळं बंद. दीड वर्ष माणूस मुगाच्या वरणावर जेवतोय आणि खाज तिळभर कमी नाही.

कोणी सोरायसिस म्हणालं, कोणी रक्त बिघडलंय म्हणालं, एकाने तर मनाचं आहे असं तोंडावर सांगितलं. वैशाखात एका लग्नात पंगतीला शेजारचा माणूस ताट उचलून पलीकडे जाऊन बसला. त्यानंतर नाना कुठल्याच कार्याला गेलेले नाहीत. फोटो टाकू का विचारलं तर नको म्हणाले, म्हणून टाकत नाही.

कुठल्या तपासण्या करायच्या, कोणाला दाखवायचं? कोणाच्या घरी असं झालंय का?

रानवाट, ९ जुलै

ताई, आधी एक सांगा, घरात अजून कोणाला खाज आहे का? आमच्याकडे सासऱ्यांना असंच चार महिने होतं आणि शेवटी खरूज निघाली. बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, बेंबीभोवती बारीक पुळ्या आणि रात्री जास्त खाज. मलम एकट्याने लावून उपयोग नसतो. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, सकाळी आंघोळ, कपडे-चादरी गरम पाण्यात, आणि आठवड्याने परत एकदा. आम्ही आधी फक्त सासऱ्यांना लावत होतो, म्हणून फिरून फिरून येत होतं.

शेतातलीलेक, ९ जुलै

रानवाट, आई त्याच खोलीत झोपते, तिला काहीच नाही. नानांच्या बोटांची बेचकी स्वच्छ आहेत, मुद्दाम बघितली.

पाणंद, १० जुलै

मला नायटा झाला होता, कमरेला. मेडिकलमधून एक ट्यूब आणली, तीन-चार औषधं एकत्र असलेली. चार दिवसांत लाली गेली. थांबवलं की दुप्पट पसरायचा. असं वर्षभर चाललं. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी पात्याने कोंडा खरवडून काचपट्टीवर घेतला, त्यावर केओएच नावाच्या रसायनाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि बुरशी आहे म्हणाले. त्या ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड होतं. त्याने लाली दबते आणि आत बुरशी माजते. नायट्याचा नेहमीचा गोल आकारही बिघडतो, त्यामुळे बघणारा डॉक्टरसुद्धा चकतो. २०१८ पासून बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, पण काउंटरवर कोण विचारतं? त्या अकरा ट्यूबा फेकू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा. काय काय लावून झालंय हे त्यांना कळायला हवं.

जुनीविहीर, १० जुलै

कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ घाला, जोडीला चांगल्या वैद्याकडून रक्तशुद्धीचं औषध घ्या. माझ्या आत्याला फरक पडला होता. मनापासून सांगतोय.

शेतातलीलेक, १० जुलै

काका, कडुलिंबाचा पाला वाटून लावला होता, हळदही. लस येणाऱ्या जागी भयंकर आग झाली. पण तुम्ही आपुलकीने लिहिलंत, आभार.

चर्मवैद्य, १० जुलै (रात्री)

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. रुग्णाला न बघता निदान सांगणार नाही आणि औषधाचं नावही लिहिणार नाही. पण तुम्ही इतकं नीट लिहिलंय की काही प्रश्न विचारतो. उत्तरं घरी बसून देता येतील आणि डॉक्टरांकडे जाताना कामाला येतील.

पुरळ कुठे आहे ते तुम्ही सांगितलंत, कुठे नाही ते सांगा. शर्ट-बनियनखालची पाठ, पोट, मांड्या कशा आहेत? कानाच्या मागे आणि हनुवटीच्या खाली काय आहे? या दोन जागांवर ऊन पोचत नाही. नुसत्या उन्हाने होणारं पुरळ तिथे सहसा नसतं, पापण्यांनाही नसतं. हवेतून उडून बसणाऱ्या एखाद्या गोष्टीचं असेल तर ती गोष्ट नेमकी तिथेच, घडीत आणि वळीत, साचते.

दुसरं, गेल्या तीन वर्षांत नाना शेतापासून सलग आठ-दहा दिवस लांब कधी होते? तेव्हा खाज कमी झाली होती का? आणि तेव्हा स्टेरॉइडची सुई किंवा गोळी चालू होती का? हे शेवटचं फार महत्त्वाचं, नाहीतर आपण चुकीच्या गोष्टीला श्रेय देतो.

तिसरं, बांधावर, रस्त्याच्या कडेला, शेवंतीच्या सऱ्यांत कुठलं तण आहे?

शेतातलीलेक, १२ जुलै

डॉक्टर, काल गावी गेले आणि तुमचा प्रतिसाद नानांना वाचून दाखवला. त्यांनी सदरा काढला. मी बघतच राहिले. गळपट्टीच्या रेषेपर्यंत मान काळी आणि खरखरीत, त्या रेषेखाली पाठ अगदी लहान मुलासारखी साफ. जणू कोणी सुतळी लावून आखलंय. कानामागे भेगा आहेत. हनुवटीखाली, दाढी करताना मान वर करतात तिथे, लालबुंद. तीन वर्षांत आमच्यापैकी कोणीच असं बघितलं नव्हतं, आणि सुई देणाऱ्यांनीही नाही.

फेब्रुवारीत त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. नंतर सोळा दिवस पुण्यात माझ्याकडे होते, सहाव्या मजल्यावर. तेव्हा निम्म्याहून जास्त कमी झालं होतं. फाइल काढून बघितली, त्यात स्टेरॉइड नव्हतं. आम्हाला वाटलं पथ्याने कमी झालं. मोटरसायकलवरून परत गेले आणि चौथ्या दिवशी डोळे उघडेनात इतक्या पापण्या सुजल्या.

तण म्हणाल तर सगळीकडे गाजरगवत. बांधावर कमरेइतकं. शेजारची दोन एकर जमीन पड आहे, ती तर पांढऱ्या फुलांनी भरलीय. शेवंतीतलं नाना स्वतः उपटतात. हाताने.

चर्मवैद्य, १२ जुलै

मग त्वचारोगतज्ज्ञांकडे लवकर जा आणि हे सगळं याच क्रमाने सांगा. पॅच टेस्ट, म्हणजे संशयित पदार्थ पाठीला चिकटवून ॲलर्जी बघायची तपासणी, जिथे होते असं ठिकाण निवडा. मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागात ती होते, काही खाजगी तज्ज्ञही करतात.

गाजरगवतात पार्थेनिन नावाचं रसायन असतं. ते पानां-खोडांवरच्या बारीक लवेत असतं आणि झाड वाळल्यावरही धुळीबरोबर उडतं. सगळ्यांना बाधत नाही. पण काहींचं शरीर वर्षानुवर्षं संपर्कात राहून एक दिवस त्याला ओळखायला लागतं, आणि मग विसरत नाही. आधी पावसाळ्यापुरतं, मग हिवाळ्यापर्यंत, मग बारमाही, हा जो प्रवास तुम्ही लिहिलात तो या आजारात आम्ही नेहमी बघतो. तरी बुरशी, सोरायसिस, उन्हाची ॲलर्जी हे तपासून बाजूला काढावं लागेल. नानांना चालू असलेलं प्रत्येक औषध दाखवा, रक्तदाबाचंसुद्धा. काही गोळ्यांनी उन्हात पुरळ येतं.

रक्ताच्या त्या तपासणीबद्दल. ती बघते आयजीई, म्हणजे गांधी उठणं, शिंका, दमा अशा ॲलर्जीशी संबंध असलेली प्रतिपिंडं. स्पर्शाने होणारी ॲलर्जी पांढऱ्या पेशींमार्फत होते, दोनेक दिवसांनी उमटते आणि त्या कागदावर दिसतच नाही. कागदावर वांग्यापुढे अधिकचं चिन्ह आलं म्हणजे वांग्याने पुरळ आलं असं ठरत नाही. वांगं खाऊन नानांना कधी काही झालं होतं का?

सुया ताबडतोब बंद करा असं मात्र मी म्हणणार नाही. इतके दिवस स्टेरॉइड घेतलं असेल तर एकदम सोडल्याने चक्कर, थकवा, रक्तदाब उतरणं होऊ शकतं. ते कमी करायचं वेळापत्रक डॉक्टरच देतील. साखर आणि रक्तदाब तपासून घ्या.

धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: पुरळाबरोबर ताप, तोंडात फोड, कातडी सोलवटणं, ओठ सुजणं किंवा धाप लागणं यातलं काही असेल तर इथे लिहीत बसू नका, रुग्णालयात जा. आणि न खाजणारा, फिकट किंवा तांबूस, हात लावल्याचं कळत नाही असा चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात औषध मोफत मिळतं, पूर्ण बरा होतो. लाजेपायी लोक उशीर करतात आणि हाताची बोटं गमावतात, ते बघवत नाही.

शेतातलीलेक, १२ जुलै

वांग्याने कधीच काही झालं नव्हतं. नानांना आत्ता फोन करून सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाजच नाही. मग म्हणाले, "उद्या भरीत करायला सांगतो."

जास्वंद, १३ जुलै

पॅच टेस्टला घाबरू नका, सुया नसतात. माझ्या आईची झाली होती, कलप लावला की कपाळ आणि कान सुजायचे. पाठीवर चिकटपट्ट्या लावतात, त्यात छोट्या छोट्या वाट्या, प्रत्येकीत वेगळा पदार्थ. दोन दिवसांनी काढतात, तेव्हा बघतात, परत दोन-तीन दिवसांनी बघतात. तोपर्यंत पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम नाही. आईला कलपातल्या पीपीडी नावाच्या रसायनाची ॲलर्जी निघाली. आता केस पांढरे आहेत आणि छान दिसते.

बंगळूरकर_मराठी, १४ जुलै

गाजरगवताचा विषय निघालाय म्हणून लिहितो, शेतकी खात्यात नोकरी झाली. या तणाची भारतातली नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली ती पुण्यातून. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर बी आलं असं सगळीकडे सांगितलं जातं. मूळ मेक्सिको आणि आसपासचं. पुढे वीस वर्षांत त्याने देश व्यापला, आणि त्याच्यामुळे होणाऱ्या त्वचारोगाचे रुग्णही सत्तरच्या दशकात पुण्याच्याच भागातून नोंदले गेले. म्हणजे नानांचं दुखणं तुमच्या मातीत नवीन नाही. तरी गावोगावी त्याला उष्णता आणि पित्त म्हणत राहतात याचं मला फार वाईट वाटतं.

ऐंशीच्या दशकात मेक्सिकोतून झायगोग्रामा नावाचे भुंगे बंगळूरला आणले. पिवळसर, पाठीवर काळ्या रेघा, मुगाच्या दाण्याएवढे. ते आणि त्यांच्या अळ्या गाजरगवताचा पाला फस्त करतात. पावसाळ्यात काम करतात, थंडी-उन्हाळ्यात जमिनीत दडून बसतात. तुमच्याकडची कृषी विद्यापीठं देतात, चौकशी करा. दुसरं म्हणजे टाकळा. त्याचं बी बांधावर फेकलं की तो गाजरगवताला वर येऊ देत नाही, आणि कोवळा असताना भाजीला होतो.

उपटायचंच तर फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून. नानांनी नाही, दुसऱ्या कोणीतरी. आणि वाळलेले ढीग पेटवू नका, कण हवेत जातात.

शेतातलीलेक, ३ नोव्हेंबर

धागा वर काढतेय. खूप जणांनी विचारपूस केली, उशीर झाला त्याबद्दल माफ करा.

जुलैअखेरीस पुण्यात तज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी सगळ्यात आधी नानांचा सदरा काढायला लावला आणि खिडकीपाशी उभं केलं. मला तिथेच रडू आलं. कोंडा खरवडून बुरशीची तपासणी केली, नव्हती. मानेच्या कातडीचा बारीक तुकडा तपासायला पाठवला, सोरायसिस नाही म्हणून आलं. स्टेरॉइड गोळ्यांनी आधी आग शांत केली आणि मग दोन महिन्यांत हळूहळू उतरवत आणलं, कारण पुरळ पेटलेलं असताना किंवा जास्त स्टेरॉइड पोटात असताना पॅच टेस्ट नीट वाचता येत नाही. सुया अर्थातच बंद. साखर वाढलेली निघाली, तीही आता खाली येतेय.

ऑक्टोबरमध्ये टेस्ट झाली. सोमवारी पट्ट्या लावल्या. जास्वंदताई, तुम्ही लिहिलंत तशाच वाट्या. नाना दोन रात्री खुर्चीत बसून झोपले, पट्टी निघू नये म्हणून. बुधवारी काढल्या. वीस-बावीस जागांवर पेनाने आकडे घातलेले, बहुतेक सगळ्या कोऱ्या. एका जागी रुपयाएवढा लाल, फुगलेला, बारीक फोडांचा गोल. गाजरगवत. शुक्रवारी तो अजून वर आला होता, आणि त्याच्या खालच्या ओळीत आणखी एक, फिकट पण स्पष्ट. डॉक्टरांनी तक्ता बघितला आणि विचारलं, "शेवंती लावता का?"

गाजरगवत आणि शेवंती एकाच कुळातली. झेंडू, सूर्यफूलही त्यातलीच. एकाला शरीर चिडलं की दुसऱ्यालाही चिडू शकतं.

नाना दवाखान्यात काही बोलले नाहीत. दिवेघाट चढताना म्हणाले, तुझं शिक्षण शेवंतीवर झालं. खरं आहे ते. दसऱ्याच्या आदल्या पहाटे दोनला उठून तोडणी, मार्केट यार्डाचा टेम्पो, ओल्या पोत्यांचा वास, माझं सगळं लहानपण त्यात आहे. वीस गुंठ्यांचा हा तुकडा त्यांनी पस्तीस वर्षांत एकदाही मोकळा ठेवला नव्हता.

आता ॲझाथायोप्रिन चालू आहे, शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी. दीड-दोन महिन्यांनी फरक दिसेल असं सांगितलंय. आधी दर पंधरा दिवसांनी रक्तातल्या पेशी आणि यकृताची तपासणी आहे, पुढे महिन्याने. ती चुकवली तर गोळी देणार नाही अशी तंबीच दिलीय. हे औषध कोणी इथे वाचून स्वतःहून घेऊ नका, कळकळीने सांगते.

चर्मवैद्य, ३ नोव्हेंबर

फार बरं वाटलं वाचून. ताप आला, घसा धरला किंवा कुठे निळसर डाग दिसले तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. लांब बाह्या, गळाबंद सदरा, शेतातून आल्याबरोबर आंघोळ. शेतातले कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका आणि बांधावर वाळत घालू नका. उपरणंही रोज धुतलेलं. पुष्कळदा मान त्या उपरण्यानेच पेटलेली राहते.

शेतातलीलेक, ४ नोव्हेंबर

उपरणं! तेच उपरणं ते आठ-आठ दिवस वापरतात, घाम पुसतात, त्यानेच गवताची जुडी बांधतात. आजच सहा नवीन घेतली.

पाणंद, ५ नोव्हेंबर

नानांना नमस्कार सांगा.

शेतातलीलेक, १९ जून

वर्ष होत आलं. फणी आता आरशापाशी असते, उशाशी नाही. मान अजून थोडी काळी आहे, पण हात फिरवला तर मऊ लागते. मार्चमध्ये नाना चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला आले आणि पंगतीत मध्यभागी बसले. मध्ये एप्रिलमध्ये एकदा वाऱ्या-वावटळीच्या दिवसांत पापण्या सुजल्या होत्या, मलमाने आठवड्यात बसल्या. गोळीचा डोस निम्म्यावर आलाय. पूर्ण सुटेल की नाही हे गवतावर अवलंबून आहे, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले.

शेवंती काढली. त्या तुकड्यात निशिगंधाचे कंद लावलेत, त्याचं कूळ वेगळं. लावण आईने आणि मजुरांनी केली, नाना अंजिराखाली खाट टाकून सांगत होते किती खोल, किती अंतर. आमच्या बांधावरचं गाजरगवत पहिल्या पावसानंतर लगेच काढलं, टाकळ्याचं बी टाकलंय, उगवलाय. भुंगेही आणून सोडलेत.

शेजारची दोन एकर पड मात्र तशीच आहे. मालक मुंबईला, फोन उचलत नाहीत. ग्रामपंचायतीत अर्ज दिला तर "तण काढायचा ठराव कशाला" म्हणाले. आता त्यात गुडघाभर आलंय, पंधरा दिवसांत फुलावर येईल. असल्या जागेसाठी कोणी ग्रामपंचायतीकडून काम करून घेतलंय का? अर्ज कसा लिहिला होता, सोबत काय जोडलं होतं? पॅच टेस्टचा कागद माझ्याकडे आहे. नाना म्हणतात, तो जोडायला त्यांची हरकत नाही.